खर्ज कुणासाठी?

मोटारगाडीत गाण्याची यंत्रणा बसवणे हा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगा विषय आहे, असे आम्ही म्हणू लागलो की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार स्मित उमटते. हा विषय पोरांचा, किंवा फार तर पैसेवाल्या हौशी मंडळींचा, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो निर्माण होण्यास ती मंडळीही जबाबदार आहेतच. परंतु एखाद्या गोष्टीचे भक्त उथळ आहेत एवढ्यावरून ती गोष्टच उथळ ठरवायची, तर भावगीतापासून नवकवितेपर्यंत कशाचीच धडगत राहणार नाही. आमचे म्हणणे असे, की जुन्या गाडीत, आणि विशेषतः जुन्या स्टेशन वॅगनमध्ये, नवी ध्वनियंत्रणा बसवताना जे प्रश्न पडतात ते जुन्या संहितेची नवी आवृत्ती सिद्ध करताना पडणाऱ्या प्रश्नांच्या फार जवळचे असतात. काय राखायचे, काय काढायचे, काढलेले कुठे ठेवायचे, आणि हे सगळे कुणासाठी करायचे? ह्यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुकानांत नेमका तोच कधी विचारला जात नाही.

स्टेशन वॅगन हे नावच आपल्याकडे उपरे. रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी आणि त्याचे सामान एकत्र वाहून नेणारी लाकडी बांध्याची गाडी ती अमेरिकेतली स्टेशन वॅगन. ब्रिटनमध्ये हाच प्रकार इस्टेट म्हणून ओळखला गेला, कारण तिथे त्याचा संबंध जमीनजुमल्याशी जोडलेला होता. आपल्याकडे स्थानकावरून टांगा येत असे आणि जमीनजुमला बहुतेकांजवळ नव्हता. तरीही टेल्कोने (२००३पासूनची टाटा मोटर्स) १९९२मध्ये पुण्याच्या कारखान्यातून जी गाडी बाहेर काढली, तिचे नाव इस्टेटच ठेवले. पिकअपच्या सांगाड्यावर उभारलेली, सिएराची बहीण शोभणारी, मर्सिडीजच्या वॅगनची अनेकांना आठवण करून देणारी ही चौकोनी गाडी १९४८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनावर चालत असे. ती महाग होती, आणि इंजिनाची ताकद तिच्या वजनाच्या मानाने बेताचीच होती. २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. आज ज्या थोड्या इस्टेटी रस्त्यावर दिसतात त्या पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपवून पुनर्नोंदणीच्या फेऱ्यांतून गेलेल्या आहेत. आमच्या लहानशा मंडळात अशी एक आहे, आणि तिच्यात गाणे कसे वाजावे ह्यावरून आमच्यात जो वाद बराच काळ चालला आहे त्यातूनच ह्या लेखातली मते तयार झाली आहेत.

प्रथम त्या खाचेविषयी. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डात मधोमध जो आयताकृती खळगा असतो, ज्यात आपण ज्याला साध्या भाषेत ‘टेप’ म्हणतो ते यंत्र सरकवले जाते, त्याचे माप ठरलेले आहे: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. जर्मन मानकातून आलेले हे माप पुढे आंतरराष्ट्रीय झाले. त्याआधीचा काळ गोंधळाचा होता. १९३०मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विन ह्यांच्या कंपनीने मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ विकायला काढला. त्याचे ‘मोटोरोला’ हे नाव पुढे कंपनीनेच धारण केले. १९५६च्या क्रायस्लर गाड्यांत तर चक्क तबकडी वाजवणारे यंत्र मिळत असे, लाँग प्लेच्या निम्म्या गतीने फिरणारे, सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क ह्यांनी घडवलेले. त्याची खास तबकडी दुसरीकडे वाजत नसे. काही वर्षांत ते संपले. १९६५मध्ये फोर्डने आठ ट्रॅकच्या कार्ट्रिजचे यंत्र दिले, तेही गेले. मग हे माप स्थिरावले, आणि त्याच एका आयतात कॅसेट आली, सीडी आली, एमपी३ आले, यूएसबीचे भोक आले, शेवटी ब्लूटूथ आले. आशय इतक्या वेळा बदलला, आकृतिबंध तोच राहिला. ओवी किंवा अभंग शतकानुशतके वेगवेगळ्या कवींना कसा पुरला ह्याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी ही खाच एकदा निरखून पाहावी. नव्या गाड्यांत ती उरलेली नाही. तिथे मोठा पडदा आहे, आणि गाण्याबरोबर वातानुकूलनापासून मागच्या कॅमेऱ्यापर्यंत सर्व काही त्याच पडद्याशी बांधलेले आहे. म्हणजे त्या गाडीचे गाणे कंपनी ठरवील तेच. १९९२ची इस्टेट ह्या बाबतीत अधिक मोकळी आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेले की त्या मापाचे काही ना काही मिळते.

आता मुख्य मुद्दा. दुकानात पहिला प्रश्न येतो तो वॅटचा, आणि मग डिकीत केवढा डबा बसवायचा त्याचा. आमच्या मते हा प्रश्नांचा क्रमच चुकीचा आहे. जुन्या डिझेल गाडीत पहिला खर्च शांततेवर करावा, आणि तो इतका करावा की वॅटसाठी थोडेच पैसे उरावेत.

हिशेब साधा आहे. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी तीन डेसिबलने वाढते. कानाला तो आवाज दुप्पट वाटायला हवा असेल तर सुमारे दहा डेसिबल वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. आता हे गणित उलटे वाचावे. गाडीतला गोंगाट तीन डेसिबलने उतरवला, तर गाणे आणि गोंगाट ह्यांच्यातले अंतर शक्ती दुप्पट केल्याइतकेच वाढते, आणि कानावर तसूभरही जास्त भार पडत नाही. हा भार काल्पनिक नव्हे. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरली जाणारी एक सुप्रसिद्ध मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास एवढी आहे, आणि तिच्यापुढे दर तीन डेसिबलला तास निम्मे होतात. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवत जाणारा माणूस ही मर्यादा प्रवासाच्या एका दिवसात सहज ओलांडतो.

पण आमचा आक्षेप केवळ आरोग्याचा नाही, वाङ्मयीन आहे. गोंगाट हा एक संपादक असतो, आणि त्याला कुणी नेमलेले नसते. जे हळू आहे ते तो गाळतो. ख्यालाच्या आरंभी मंद्रात सुरू झालेली आलापी, कवितावाचनातला ओळीच्या शेवटचा सुटता श्वास, तानपुऱ्याच्या जवारीतली ती बारीक झळाळी, हे सारे खडखडाटाखाली नाहीसे होते, आणि ऐकणाऱ्याला काय गेले ह्याचा पत्ताही लागत नाही. जे पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत एकाच उंच पातळीवर वाजत राहते तेच फक्त टिकते. गाडीत लोक अमुक प्रकारचीच गाणी लावतात, अभिरुची खालावली आहे, असा सूर आपल्या प्राध्यापकवर्गात अनेकदा ऐकू येतो. त्या तक्रारीतला निम्मा भाग अभिरुचीचा नसून पत्र्याचा आहे, असे आम्हांला वाटते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने रागाला साडेतीन मिनिटांत बसवले, आणि त्यातून गायकीचा एक आटोपशीर घाट जन्माला आला, हे आपण संगीताच्या इतिहासात शिकवतो. पीटर मॅन्युएल ह्यांनी १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ ह्या ग्रंथात कॅसेटने उत्तर भारतातल्या लोकप्रिय संगीताचे काय केले त्याची सविस्तर मांडणी केली. माध्यम आशय घडवते हे आपल्याला मान्य आहे. मग ज्या खोलीत बसून ते माध्यम ऐकले जाते त्या खोलीलाही थोडे श्रेय किंवा दोष द्यायला हरकत नसावी.

वॅगन ही तर अक्षरशः खोली आहे. नेहमीच्या गाडीत डिकी वेगळी असते; मागच्या आसनाची पाठ आणि पत्र्याची भिंत तिला प्रवाशांपासून तोडते. वॅगनमध्ये पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत एकच हवा असते. मागच्या चाकांवरचे पत्रे, जादा चाकाची जागा, मागच्या दाराची मोठी काच, लांबलचक छप्पर, ह्या सर्वांचा आवाज थेट आत येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला, तो सिमेंट काँक्रीटचा आहे, आणि काँक्रीटवर टायर डांबरापेक्षा मोठ्याने गुणगुणतात. जुन्या घाटरस्त्याने गेलेली वॅगन आणि द्रुतगतीने गेलेली वॅगन ह्या ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणून ते कुणी विकत नाही. दाराच्या आतले आवरण उतरवावे आणि पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. ‘टण्ण’ असा आवाज आला तर पत्रा कंप पावतो आहे. त्याच्या मधल्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटिल रबराची चिकट पट्टी दाबून बसवली की तोच आवाज ‘ठप्प’ होतो. सगळा पत्रा मढवावा लागत नाही. कंप मोडण्याचे बरेचसे काम पाव भाग झाकून होते. स्वस्तात डांबरी पट्ट्या मिळतात, त्या घेऊ नयेत. विदर्भातल्या मे महिन्यात त्या ओघळतात आणि गाडीत नव्या रस्त्याचा वास येतो. कंप मोडला तरी बाहेरून येणारा आवाज थांबत नाही, त्यासाठी तळाशी गालिच्याखाली जड थर आणि फोम लागतो, आणि त्याहीपेक्षा आधी दारांची झिजलेली रबरे बदलावी लागतात. तीस वर्षांच्या गाडीत रबरे हा सर्वांत मोठा गळका पाठ असतो. आणखी एक गोष्ट, जी आमच्या पावसाळी प्रदेशात फार महत्त्वाची आहे. दाराच्या पोकळीत काचेवरून पाणी उतरतच असते. ते जाण्यासाठी तळाशी भोके असतात आणि आवरणामागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. घाईतला कारागीर पट्टीने भोके बुजवतो आणि पडदा फाडून फेकून देतो. मग आषाढात स्पीकरचा कागदी कोन भिजतो आणि दार आतून गंजते. स्पीकरखालची कडी एमडीएफची केली असेल तर तीही फुगते. ती चांगल्या जलरोधक प्लायची किंवा प्लॅस्टिकची असावी.

एवढे झाले की मग खर्जाचा प्रश्न येतो, आणि इथे हा विषय आमच्या मते खरोखर रोचक होतो.

पुष्कळ पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात. त्या पट्टीत मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. आता इंजिनाकडे पाहू. चार सिलिंडरी, चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोनदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला २०८० फेऱ्यांवर फिरत असेल तर सेकंदाला साधारण ६९ ज्वलने होतात. म्हणजे रमतगमत चाललेले डिझेल इंजिन काळी एकचा खर्जच लावून बसलेले असते. गोष्ट इथे संपत नाही. बंद पोकळीची स्वतःचीही एक कंपनसंख्या असते, आणि ती लांबीवर ठरते: लांबी अडीच ते पावणेतीन मीटर असेल, तर पहिला अनुनाद ६० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. वॅगनची आतली लांबी साधारण तेवढीच भरते. वेगळ्या डिकीच्या गाडीत ही पोकळी आखूड, म्हणून अनुनाद बराच वर असतो. म्हणजे इस्टेटसारख्या गाडीत गायकाचा खर्ज, इंजिनाची गुणगुण आणि खोलीचा स्वतःचा घुमारा हे तिन्ही एकाच स्वरावर येऊन भेटतात. कुण्या वाद्यमेळाच्या संयोजकाला जाणूनबुजून साधणार नाही असा हा योग आहे, आणि तो अत्यंत त्रासदायक आहे.

पोकळीतला हा पहिला अनुनाद सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. पोकळीच्या दोन टोकांना त्याचा दाब सर्वांत जास्त असतो आणि मधोमध जवळजवळ शून्य. गाडी चालवणाऱ्याचे डोके साधारण ह्या मध्याच्या जवळपास येते. मागच्या आसनावर बसलेल्यांची डोकी मागच्या टोकाकडे सरकलेली असतात. परिणाम असा, की चालकाला खर्ज कमी पडतो आहे असे वाटते, तो हात पुढे करून बेस वाढवतो, आणि मागे बसलेल्या आई, आजी, मुले ह्यांच्या कानांत नुसता घुमारा भरतो. त्यांनी तक्रार केली तर चालकाला ती खरी वाटत नाही, कारण त्याच्या जागी तसे काही ऐकूच येत नसते. दोघेही प्रामाणिक असतात. भर म्हणून डिकीत मागच्या दाराला टेकवून वूफरचा मोठा डबा ठेवलेला असतो, म्हणजे अनुनादाला जिथून सर्वांत सहज चेतवता येईल नेमक्या त्याच टोकाला.

म्हणूनच आम्ही विचारतो की खर्ज कुणासाठी? समीक्षेत आपण संहितेत गृहीत धरलेल्या वाचकाविषयी बोलतो. प्रत्येक ध्वनियंत्रणेतही एक श्रोता गृहीत धरलेला असतो, आणि आजच्या हौशी पद्धतीत तो नेहमी एकटा, चालकाच्या आसनावर बसलेला असा असतो. ही पद्धत अमेरिकेत मोटारींतल्या ध्वनीच्या ज्या स्पर्धा भरत आल्या त्यांतून पसरली. तिथे परीक्षक चालकाच्या जागी बसून गुण देतो. तिचे सर्वांत कुशल साधन म्हणजे कालजुळणी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ आणि डावा दूर. हे अंतर अर्धा मीटर असेल तर डावा आवाज सुमारे दीड सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून उजव्या स्पीकरला तेवढे थांबवून ठेवतात. मग गायक एकाएकी पायाशी न राहता समोरच्या काचेपाशी, मधोमध बसलेला भासतो. हा अनुभव विलक्षण आहे, आणि आम्ही तो नाकारत नाही. पण त्याच क्षणी डावीकडे बसलेल्या माणसासाठी सगळे दुप्पट बिघडते, कारण त्याला जवळचा डावा स्पीकर आधीच लवकर ऐकू येत होता आणि आता उजवा आणखी उशिरा येतो. एकाचे रसग्रहण दुसऱ्याच्या विरसावर उभे राहते.

एकट्याने फिरणाऱ्याच्या दोन आसनी गाडीत हे चालून जाईल. वॅगन मात्र जन्मानेच सामुदायिक गाडी आहे. तिला घ्यायचे ते पाच माणसे, त्यांचे डबे आणि एखादी सतार किंवा ट्रंक एकत्र जाणार म्हणून. अशा गाडीत आम्ही कालजुळणी फार तर अर्ध्यावर ठेवू, आणि खर्ज चालकाच्या नव्हे तर मागच्या आसनावर बसून ठरवू. आमच्या मंडळातील एका सभासदाचे म्हणणे वेगळे आहे: सर्वांसाठी जुळवलेले कुणासाठीच जुळत नाही, आणि अशी तडजोड म्हणजे पाठ्यपुस्तकातली कविता. हा टोला चांगला आहे. परंतु सभागृहाची रचना करणारा एकाच खुर्चीसाठी ती करत नाही, आणि कीर्तनकार तर मागच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू जाते की नाही ह्यावरच आपला आवाज लावतो.

व्यवहारात ह्याचा अर्थ असा, की वूफर मागच्या दाराशी न ठेवता पोकळीच्या मध्याजवळ, म्हणजे पुढच्या आसनाखाली मावेल असा लहान घ्यावा. मध्याशी असलेला स्रोत तो पहिला अनुनाद फारसा चेतवू शकत नाही. डिकीही सामानासाठी मोकळी राहते, जे वॅगनचे मूळ प्रयोजन आहे. आणि खर्जाचा फार हव्यास धरू नये. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत ६९ हर्ट्झचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो. आपण ऐकतो ते त्याच्या वरचे स्वयंभू स्वर, आणि त्यांवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. दारातले चांगले स्पीकर, नीट घट्ट बसवलेले, हे काम निम्म्याहून अधिक करतात. न वाजलेला षड्ज ऐकू येणे ही ध्वनिशास्त्रातली जाणून असण्याजोगी गोष्ट आहे. व्यंजना शिकवणाऱ्यांनी तिचा दृष्टांत म्हणून उपयोग करावा.

आता कापण्याविषयी. मोठा स्पीकर मूळ जागेत मावत नाही म्हणून दाराचा पत्रा कापणे, आवरण फाडणे, डॅशबोर्ड छिलून दुप्पट उंचीचा पडदा बसवणे, जुने वायरिंग मुळापासून छाटणे, हे सर्व रोज होते, आणि ज्या गाडीचे सुटे भाग कारखान्यात बनणे बंद होऊन पाव शतक होत आले तिच्या बाबतीत ते परत फिरवता येत नाही. इथे आम्हांला पुण्यातच घडलेल्या एका थोर कार्याची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६मध्ये पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी ज्या पद्धतीने ते उभारले तिच्यातली दोन तत्त्वे प्रत्येक वायरमनने भिंतीवर लावावीत अशी आहेत. पहिले असे, की मुख्य संहितेतून जे वगळले ते फेकले नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे ठेवले, म्हणजे पुढच्या संपादकाला वेगळा निर्णय घ्यायचा असेल तर साधने त्याच्या हाताशी असावीत. दुसरे असे, की जिथे पाठाविषयी पूर्ण खात्री नव्हती तिथे खाली नागमोडी रेघ मारली. जुनी टेप, जुने स्पीकर, मूळ आवरणे, प्रत्येक स्क्रू, हे एका खोक्यात नावे लिहून ठेवणे म्हणजे परिशिष्ट. मूळ वायर न छाटता मधे जोडणीचा तुकडा वापरणे आणि प्रत्येक नव्या वायरीवर ती कुठून कुठे जाते ह्याची चिकटपट्टी लावणे म्हणजे ती नागमोडी रेघ.

ह्याउलट एकनाथांचे उदाहरण आमच्यातल्याच काहींनी दिले. शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि ह्यापुढे तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. गाडीच्या बाबतीत हा बाणा धरला तर १९९२च्या कॅसेटवरच थांबावे लागेल. आम्ही तितके कर्मठ नाही. गाडी वापरात असेल तर तिच्यात वर्तमानाचे गाणे वाजले पाहिजे. वाजत नाही अशी गाडी संग्रहालयात शोभते. मात्र नवी ओवी घातली तर ती नवी आहे हे दिसावे, आणि काढता यावी.

विजेविषयी थोडक्यात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या रेडिओत येते ती ज्वलनाची करकर इथे येत नाही. इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी बारीक शीळ मात्र येते, ती अल्टरनेटरची, आणि ती बहुधा चुकीच्या अर्थिंगमुळे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, सर्व यंत्रे एकाच जागी अर्थ करावीत, आणि नंतर तो पत्रा पुन्हा रंगवावा. दोनशे वॅटचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भरात चोवीस अँपिअरच्या आसपास वीज ओढू शकतो, नव्या डी वर्गाचा सतराच्या आसपास. त्या काळच्या अल्टरनेटरला हा फरक जाणवतो. बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरातच फ्यूज असला पाहिजे. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी नसून वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि वायर जळली की गाडीच जळते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते. टोक खरवडून पाहिले की पांढरी निघते. मुलामा दिलेली भाषा ओळखण्याची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये.

एक आक्षेप राहतो, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आणि कानात बोंडे आहेत. प्रत्येकाने आपले ऐकावे, एवढा खटाटोप कशाला? पाच माणसे पाच वेगळी गाणी ऐकत जातात ती गाडी खऱ्या अर्थाने शांत असेल, भांडणही होणार नाही. आम्हांला ही शांतता नको आहे. मोठ्यांनी लावलेले आणि तेव्हा न आवडलेले गाणे मागच्या आसनावर बसून सक्तीने ऐकणे, हा आपल्यापैकी अनेकांच्या अभिरुचीचा पहिला पाठ होता. नावड आधी आली, ओळख नंतर. घरात आता सर्वांनी मिळून ऐकण्याची अशी खोली क्वचितच उरली आहे. गाडीत ती अजून असू शकते, कारण तिथून उठून जाता येत नाही. पण तिथे जे वाजते ते मागे बसलेल्याला नीट ऐकू आले पाहिजे, नाहीतर ती केवळ सक्ती राहते.

आमच्या इस्टेटीचे काम अपुरे आहे. दारे झाली, तळ झाला, खाचेत नवे यंत्र आले, जुने खोक्यात गेले. मागच्या दाराच्या काचेचे रबर अजून कुठे मिळालेले नाही, आणि ज्या वेगाला तो अवघड खर्ज लागतो त्याच वेगाला ती काच थरथरते. सध्या तिथे सुती साडीची एक घडी खोचलेली आहे. कालजुळणी अर्ध्यावर ठेवायची की अजिबात काढून टाकायची ह्याचा निर्णय मागच्या आसनावरच्यांवर सोपवला आहे, आणि त्यांच्यात दोन तट आहेत.